माईकची शिट्टी वाया घालवू नका

कॉलेजच्या गॅदरिंगला निवेदक उत्साहाच्या भरात स्टेजच्या पुढच्या टोकाला येतो, हातातला माईक नकळत स्पीकरसमोर जातो आणि पुढच्याच क्षणी ‘कूंऽऽऽ’ करून अख्खा मांडव दणाणतो. पहिल्या रांगेतले सर कानांवर हात ठेवतात, शेवटच्या रांगेतली पोरं त्याहून मोठ्यानं ओरडतात, साउंडवाला पळत जाऊन मिक्सरवरचं एक बटण खाली घेतो. जुन्नर-आंबेगावात वाढलेला आणि ही शिट्टी न ऐकलेला माणूस सापडायचा नाही. लग्नात ऐकली, ग्रामसभेत ऐकली, बैलगाड्यांच्या घाटात ऐकली, पहाटे काकड्याला देवळावरच्या कर्ण्यातून ऐकली. आपल्या लेखी ती चूक असते, साउंडवाल्याची नाहीतर निवेदकाची.

आज मला तुमच्याशी त्या शिट्टीची बाजू घेऊन बोलायचंय. जगात ती वाद्य म्हणून वाजवली जाते. सिंथेसायझर नावाच्या यंत्राच्या तर पोटातच ती बसलेली असते. आपल्या दोन तालुक्यांत तिला काबूत ठेवणारे हात गावोगाव आहेत, पण मुद्दाम वाजवणारं कुणी दिसत नाही. मला तिथं अडायला होतं.

आधी ती येते कुठून ते बघू. माईकनं पकडलेला आवाज मशीनमध्ये जातो (ॲम्प्लिफायरला आपल्याकडे मशीनच म्हणतात), मोठा होऊन स्पीकरमधून बाहेर पडतो, हवेतून फिरून पुन्हा त्याच माईकमध्ये शिरतो आणि पुन्हा मोठा होतो. प्रत्येक फेरीत तो आधीपेक्षा किंचित जरी वाढला तरी सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा बघता बघता डोक्यावर बसतो. याला म्हणायचं फीडबॅक लूप. लेण्याद्रीच्या मोठ्या लेण्यात उभं राहून हाक मारली तरी आवाज परत येतोच की. पण तो दर फेरीला विझत जातो, कारण दगडाच्या भिंती त्यात स्वतःचं काही घालत नाहीत. मांडवातलं मशीन घालतं. प्रतिध्वनी आणि शिट्टी यांच्यात फरक एवढाच.

मग ती ‘कूं’च का करते, ‘घुर्र’ का करत नाही? इथं मजा आहे. समजा स्पीकर माईकपासून ३ मीटरवर आहे. आवाजाला तेवढं अंतर कापायला साधारण ९ मिलिसेकंद लागतात. फेरी मारून आलेली लाट आणि आत्ता माईकमध्ये शिरणारी लाट यांची पावलं जुळली तर त्यांची बेरीज होते, नाही जुळली तर त्या एकमेकींना खोडतात. ढोबळ हिशेबानं ३ मीटरच्या फेरीत पावलं जुळणारे सूर ११५ हर्ट्झच्या टप्प्यांनी येतात: ११५, २३०, ३४५ असे पुढे. त्यातला जो सूर त्या माईकला, त्या स्पीकरला आणि त्या मांडवाला सगळ्यात जास्त मानवतो तो बाकीच्यांना मागे टाकून पुढे येतो. म्हणून निवेदक दोन पावलं सरकला की शिट्टीचा सूर बदलतो. म्हणजे तो बिचारा त्या क्षणी स्वतःच्या नकळत एक वाद्य वाजवत असतो, आणि आपण त्याला खाली बसवतो.

अजून एक. शिट्टी वाढत वाढत अनंतापर्यंत जात नाही. मशीनची ताकद संपते तिथं लाटेचा शेंडा कापला जातो आणि गोल लाट चौकोनी होऊ लागते. कानाला जो कर्कश धारदारपणा जाणवतो तो या कापलेल्या शेंड्यांचा. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता सिंथेसायझर. आपल्याकडे कुठल्याही कीबोर्डला ‘कॅसिओ’ म्हणायची पद्धत आहे, मग कंपनी कुठलीही असो. पण ज्या कीबोर्डमध्ये बासरी, सनई, व्हायोलिन असे तयार आवाज साठवलेले असतात त्याबद्दल मी बोलत नाहीये. जुन्या धाटणीच्या ॲनालॉग सिंथेसायझरमध्ये साठवलेलं काही नसतं. एक सर्किट विजेची लाट तयार करतं, दुसरं सर्किट, म्हणजे फिल्टर, त्या लाटेतला काही भाग अडवतं आणि काही सोडतं, तिसरं तिचा जोर कमी-जास्त करतं. वाजवणारा पट्ट्यांइतकाच नॉबशी खेळत असतो. त्यातला एक नॉब असतो रेझोनन्सचा. तो फिरवला की फिल्टरमधून बाहेर पडणाऱ्या लाटेचा थोडा हिस्सा परत फिल्टरच्या तोंडाशी नेला जातो. ओळखीचं वाटतंय ना? मांडवातली तीच फेरी, फक्त हवेऐवजी तांब्याच्या तारेतून. नॉब पूर्ण फिरवला की बऱ्याच यंत्रांत फिल्टर स्वतःहून शिट्टी घालू लागतो. एकही पट्टी दाबलेली नसते, एकही लाट आत सोडलेली नसते.

अमेरिकेतल्या रॉबर्ट मूग यांच्या प्रसिद्ध फिल्टरचं पेटंट १९६९ चं. त्यात एकापाठोपाठ एक असे चार टप्पे आहेत. ठरावीक सुराला प्रत्येक टप्पा लाटेला ४५ अंश मागे ढकलतो, चार मिळून १८० अंश. परत नेताना लाट उलटी करतात, म्हणजे आणखी १८०. झालं ३६०, पावलं जुळली. पण चारही टप्प्यांतून जाताना लाटेचा जोर चौथ्या हिश्शावर येतो, म्हणून परतीच्या वाटेवर ती चारपट मोठी करावी लागते. चारच्या आत असलात तर फिल्टर नुसता घुमतो, चारला पोचलात की गातो.

फिजिक्स-इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनो, हे तुम्ही केलंय! आरसी फेज शिफ्ट ऑसिलेटर नावाचं प्रॅक्टिकल आठवा. तीन आरसी जोड्या, प्रत्येकी ६० अंश, एकूण १८०, आणि तीन जोड्यांतून लाट २९ पटींनी लहान होते म्हणून गेन २९ लागतो. व्हायवाला हाच प्रश्न येतो आणि आपण ‘ट्वेंटी नाईन सर’ म्हणून सुटतो. आपण ते सर्किट सीआरओच्या पडद्यावर हिरव्या नागमोडी रेघेसारखं बघतो, वारंवारता मोजतो, जर्नलमध्ये लिहितो, सही घेतो. त्याला छोटा स्पीकर जोडून ऐकायचं मात्र कुणाच्या डोक्यात येत नाही. १० किलो-ओहमचे रेझिस्टर आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर घेतले तर सूत्रानं उत्तर येतं साधारण ६५० हर्ट्झ. हा पेटीवरच्या पांढरी तीनचा वरच्या सप्तकातला सूर आहे, केसभर उतरलेला. ज्या विषयाची सुरुवातच आवाजापासून झाली तो आपण मुक्या चित्रपटासारखा शिकतो आहोत.

रेझोनन्सच्या नॉबमधली फेरी कारखान्यात बांधून दिलेली असते. खरी गंमत आपण स्वतः बाहेरून फेरी बांधतो तेव्हा. १९७० मध्ये आलेल्या मिनीमूगच्या पाठीमागे बाहेरचा आवाज आत घ्यायला एक भोक होतं. गिटार वगैरे जोडावी म्हणून दिलेलं. वादकांनी काय केलं, तर मिनीमूगचाच आवाज बाहेर काढून वायरनं त्याच भोकात परत खोचला. थोडा परत सोडला तर सूर जाडजूड होतो. आणखी सोडला तर गुरगुरायला लागतो. त्याहून जास्त झाला तर यंत्र कुणाचं ऐकत नाही. ही युक्ती इतकी रुजली की २०१२ मध्ये आर्टुरिया या फ्रेंच कंपनीनं आपल्या मिनीब्रूटवर तेवढ्यासाठी वेगळा नॉबच दिला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं अमेरिका-फ्रान्सचं, आपला काय संबंध. तर ऐका. याच १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, एनआयडीमध्ये, मूग सिंथेसायझर येऊन पोचला होता. तो बसवायला डेव्हिड ट्यूडर हा अमेरिकन संगीतकार तिथं आला होता आणि या कामामागे संगीतज्ञ गीता साराभाई होत्या. ट्यूडरनं तिथं टेपरेकॉर्डर आणि मूग यांची फेरी बांधून फीडबॅकची ध्वनिमुद्रणं केली. मग पुढची तीनेक वर्षं आय. एस. माथूर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा अशा भारतीय मंडळींनी त्या यंत्रावर काम केलं. त्या टेपा कित्येक वर्षं संस्थेत पडून होत्या. पॉल पर्गस या ब्रिटिश कलावंतानं त्या शोधून काढल्या आणि २०२३ मध्ये ‘द एनआयडी टेप्स’ नावानं त्या बाहेर आल्या. (१९६० च्या १ मेपर्यंत जुन्नर आणि अहमदाबाद एकाच मुंबई राज्यात होते, तेव्हा थोडं श्रेय ओढूनताणून आपल्याकडे घ्यायला हरकत नाही.)

मुंबई तर घरचीच. सत्तरच्या दशकात केरसी लॉर्ड यांनी हिंदी चित्रपटसंगीतात मूग आणला. १९८२ मध्ये चरणजित सिंग यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं घेऊन ‘टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही रेकॉर्ड केली. ती तेव्हा फारशी कुणी घेतली नाही आणि २०१० मध्ये पुन्हा निघाल्यावर जगभर गाजली. त्यातल्या टीबी-३०३ या चिमुकल्या यंत्राचा चुळचुळणारा आवाज म्हणजे रेझोनन्सचीच करामत. त्याचा फिल्टर शिट्टीच्या उंबरठ्यापर्यंत जातो, उंबरठा ओलांडत नाही. भूपाळी, भैरव वगैरे राग त्या उंबरठ्यावर बसून वाजलेत असं समजा, आणि एकदा हेडफोन लावून ऐकाच.

आता मुद्द्यावर येते. चैत्र पाडव्याच्या सुमारास नारायणगावात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. हे विठाबाई भाऊ मांग नारायणगावकरांचं गाव. राज्य सरकारचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्याच नावानं दिला जातो. फडातला हलगीवाला वाजवण्याआधी काय करतो ते कधी पाहिलंय? जाळ करून हलगी शेकतो, बोटानं टिचकी मारून बघतो, पुन्हा शेकतो. ढोलकीवाला ओढ काढत बसतो. तुणतुण्याची खुंटी पिळली जाते. म्हणजे वाजवणारा आधी आवाज तयार करतो, मग वाजवतो. तो आवाज त्या दिवसाचा, त्या थंडीचा, त्या माणसाच्या हाताचा असतो.

आणि आजच्या ऑर्केस्ट्रात, बँजो पार्टीत, वरातीत? ऑक्टोपॅडच्या रबरी चौकोनावर काडी पडते आणि कुणीतरी कुठल्यातरी स्टुडिओत कधीतरी रेकॉर्ड केलेली हलगी वाजते. कीबोर्डचे टोन पेन ड्राइव्हवर विकत मिळतात. भरले की वाजायला मोकळे. सनई तीच, संबळ तीच, ओतूरच्या वरातीत तीच आणि नांदेडच्या वरातीत तीच. वादकांना मी नावं ठेवत नाहीये. रात्रभर उभं राहून वाजवणाऱ्याला ठरलेल्या वेळी ठरलेला आवाज हवाच, आणि पोट त्यावर आहे. पण आपण विद्यार्थी आहोत. आपल्याला सुपारी नाही, वरात नाही, अडलेलं काही नाही. आपणही तयार आवाज डाउनलोड करून, एकावर एक रचून ‘ट्रॅक बनवला’ म्हणत असू तर दोन पिढ्यांनी आवाज तयार करायची कला गावातून गेलेली असेल, आणि कुणाला तिची आठवणही नसेल. फीडबॅक लूप विकत मिळत नाही, पेन ड्राइव्हवर भरता येत नाही. समोर बसून, हातानं, त्या क्षणी जुळवावा लागतो. हलगी शेकण्याला आजच्या विजेच्या जगात सगळ्यात जवळचं काही असेल तर ते मला हेच दिसतं.

सिंथेसायझर महाग असतो, खरंय. नवा मिनीमूग लाखांत जातो. पण फेरी बांधायला सिंथेसायझरच पाहिजे असं नाही. जपानचा तोशिमारू नाकामुरा गेली कित्येक वर्षं नुसत्या मिक्सरवर मैफली करतो. त्या मिक्सरला माईक नाही, वाद्य नाही, आत काहीच जोडलेलं नाही. मिक्सरचाच आवाज मिक्सरमध्ये परत. असा छोटा मिक्सर काही हजारांत येतो, आणि मंचर, घोडेगाव, जुन्नर, आळेफाटा कुठल्याही साउंडवाल्याकडे एखादा जुना पडून असतोच.

कसं करायचं ते सांगते. मिक्सरचे सगळे माईक काढा. मागे किंवा वर ‘ऑक्स सेंड’ लिहिलेलं भोक असतं, तिथून एक वायर काढून पहिल्या चॅनलच्या लाईन इनपुटमध्ये खोचा. मेन आउटपुट एका छोट्या स्पीकरला द्या आणि मेन व्हॉल्यूम शून्यावर ठेवा. ही पायरी गाळू नका. आता पहिल्या चॅनलचा ऑक्स नॉब थोडा वर घ्या, फेडर थोडा वर, मग गेन अगदी हळू, आणि मेन व्हॉल्यूम बोलण्याच्या आवाजाइतकाच ठेवा. आधी नुसती खरखर ऐकू येईल. मग कुठेतरी एका केसाच्या अंतरावर खरखरीतून एक सूर डोकं वर काढेल. तिथं थांबा.

आता ट्रेबलचा नॉब फिरवा. सूर पातळ होऊन वर पळेल. ट्रेबल खाली घेऊन बेस वाढवा, शेतातल्या मोटरीसारखी घरघर लागेल. मध्ये कुठेतरी दोन सूर एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणातून एक थरथर तयार होते, कधी चक्क ठेका. दुसरी वायर घेऊन दुसऱ्या चॅनलवर दुसरी फेरी बांधली की दोन्ही फेऱ्या एकमेकींच्या पायात पाय घालतात. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेला कापलेला शेंडा इथं कामाला येतो: गेन जास्त घेतला की लाट कापली जाते आणि एका सुरातून त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे सूर फुटतात. खरी गंमत याच्या पुढची आहे. नॉब ज्या जागेवर असताना हा आवाज आला, ती जागा खडूनं खूण करून ठेवा, नॉब दुसरीकडे फिरवा आणि परत खुणेवर आणा. बऱ्याचदा तो आवाज परत येत नाही! खालून वर येताना वेगळं, वरून खाली येताना वेगळं. यंत्राला आधी काय झालं होतं ते आठवत असतं. जर्नलमधल्या निरीक्षणाच्या तक्त्यात हे बसवायचं कसं ते तुमचं तुम्ही बघा.

बैलगाड्याच्या घाटातला निवेदक ‘मंडळीऽऽ ळीऽऽ ळीऽ’ करतो तो मिक्सरवरचा इको. त्यातही फेरीच आहे. उशिरा आलेला आवाज थोडा बारीक करून पुन्हा आत सोडलेला. ‘रिपीट’चा नॉब अर्ध्यावर असेल तर ‘ळी’ तीन-चारदा येऊन विझतो, टोकाला नेला तर विझतच नाही, उलट साचत जाऊन शेवटी त्याचा ढग होतो. ज्यांच्याकडे असा इको आहे त्यांनी वायर खोचायचीही गरज नाही. एक शब्द बोला आणि नॉब फिरवा.

आणि कुणाकडे खरोखरच बाहेरचा आवाज आत घेणारा सिंथेसायझर असेल, तर मिक्सरच्या ऑक्समधून वायर त्याच्या एक्स्टर्नल इनपुटला द्या आणि त्याचं आउटपुट मिक्सरला. आता फेरीच्या मधोमध फिल्टर आला. कटऑफचा नॉब शिट्टीचा सूर ठरवेल. बऱ्याच यंत्रांत पट्टी दाबल्याशिवाय आवाज पुढे जात नाही, त्यामुळे बोट ठेवलं की फेरी जागी, बोट उचललं की झोपली. लूप श्वास घ्यायला लागतो.

दोन गोष्टी मात्र गंभीरपणे. सुरुवातीला हेडफोन अजिबात लावू नका. फेरी डोळ्याची पापणी लवायच्या आत दहापट होते आणि कानाला माघार घ्यायला वेळ मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास सुरक्षित. दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम वीस मिनिटं. दुसरी गोष्ट, पॉवर ॲम्प्लिफायरचं स्पीकरला जाणारं आउटपुट कधीही मिक्सरच्या किंवा सिंथेसायझरच्या इनपुटमध्ये खोचू नका. यंत्र जळेल, तुम्हालाही धक्का बसू शकतो. फेरी नेहमी लाईन पातळीवरच बांधायची.

‘डीजेच्या भिंतींनी आधीच जीव नकोसा केलाय, त्यात आता शिट्टीचं कौतुक?’ असा प्रश्न कुणी विचारेल, आणि रास्त आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. आपल्या मिरवणुकांत ती कितपत पाळली जाते ते मी सांगायची गरज नाही. पण ही फेरी वायरीच्या आत घडते. तिला भिंत लागत नाही, टेबलावरचा वीतभर स्पीकर पुरतो. उलट बारीक आवाजातच तिच्यातले बदल नीट कळतात. ज्याला एका नॉबच्या केसभर हालचालीत सूर पालटताना ऐकू आलाय तो छातीत धडधड भरवणाऱ्या बेसला इतक्या सहज भुलेल असं मला वाटत नाही. दुसरा आक्षेप, ‘याला संगीत म्हणायचं का?’ माहीत नाही म्हणून सोडून देता येईल, पण मी तसं करणार नाही. सगळंच संगीत होत नाही. बराचसा वेळ नुसता गोंगाटच निघतो. तासभर बसून त्यातली दोन मिनिटं ठेवावीशी वाटली तर ती तुमची, आणि ती दोन मिनिटं दुसऱ्या कुणाकडे नसतात.

फीडबॅक म्हटलं की मला खोडद आठवतं. तिथल्या जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस डिश आपण येता-जाता बघतो. चौदा मधल्या भागात, बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या पसरलेल्या. एवढी अवजड डिश आकाशातल्या नेमक्या बिंदूकडे वळते ती फीडबॅकच्याच जोरावर: मोटर फिरवते, डिश आत्ता कुठे आहे ते मोजलं जातं, चुकलेलं अंतर परत मोटरला सांगितलं जातं. फरक असा की इथं परत आलेली बातमी चूक कमी करते, माईकच्या फेरीत ती वाढवते. अशा कुठल्याही यंत्रणेत गेन अति झाला की यंत्र बिंदूच्या अलीकडे-पलीकडे हेलकावे खायला लागतं, म्हणजे तेही एक प्रकारे शिट्टीच मारतं. इंजिनीअरिंगच्या मुलांना कंट्रोल सिस्टिमचा पेपर रडवतो म्हणे. त्यांनी एक रविवार मिक्सर आणि वायर घेऊन बसावं.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती प्राचार्यांकडे नाही, तुमच्याकडे आहे. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला जीएमआरटीत प्रदर्शन भरतं, शाळा-कॉलेजांची मुलं प्रकल्प मांडतात. त्या रांगेत एक टेबल या फेरीचं असू दे. एका बाजूला तुमचा आरसी ऑसिलेटर स्पीकरला जोडलेला, दुसऱ्या बाजूला माईक नसलेला मिक्सर. आणि मदतीला, मानधन देऊन, गावातला साउंडवाला. हो, तोच, गॅदरिंगला स्टेजच्या कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला, ज्याला आपण फक्त शिट्टी वाजली की हाक मारतो. कुठल्या सभागृहात कुठला सूर आधी उठतो, तो दाबायला कुठली पट्टी कापायची, माईक किती कलता धरायचा, हे त्याला पुस्तक न उघडता येतं. त्याला विचारा की ती उठवायची कशी. आधी तो हसेल. मग बहुतेक स्वतःच नॉबवर हात ठेवेल.

वायर चौकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. मागताना ‘दोन्ही बाजूंना पाव इंची मोनो जॅक, हातभर लांब’ एवढंच सांगा. दोन घ्या, एक तुटते.